गंधाची भाषा

आदिलाबादेस राहणाऱ्याला अनेक भाषांचे नवल वाटत नाही. मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी अशा भाषा येथे कानी पडतात; आमच्या घरी तीत कोंकणीची भर. कोंकणीत सुगंधाला 'परमळ' म्हणतात. परंतु विद्यार्थिमित्रहो, जिच्यात शब्दच नाहीत, केवळ परमळ आहे, अशीही एक भाषा आपल्याच शिवारात रात्री बोलली जाते. तिचा थोडा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

कपाशीच्या शेतात काठीला टांगलेले, खाली लांब पिशवी असलेले सापळे आपण पाहिले असतील. मराठीत त्यांस कामगंध सापळे म्हणतात, तर तेलुगूत लिंगाकर्षक बुट्टलु. आत ना अन्न, ना दिवा. असते ती रबराची एक लहानशी गोळी. तरीही सकाळी पिशवीत शेंदरी बोंडअळीचे पतंग सापडतात, आणि ते सारे नर असतात. असे का व्हावे?

या पतंगाची मादी रात्री पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात हवेत सोडते. शरीरातील मेदाम्लांपासून ते तयार होते. संप्रेरक ज्या शरीरात निर्माण होते, त्यातच कार्य करते. हे द्रव्य मात्र बाहेर पडून स्वजातीच्या दुसऱ्या जीवावर परिणाम घडविते. अशा द्रव्यांस १९५९ साली कार्लसन व ल्यूशर या शास्त्रज्ञांनी 'फेरोमोन' हे नाव दिले. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचे असे द्रव्य प्रथमच शुद्ध रूपात ओळखले. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम!

नर हा संदेश ऐकतो तो आपल्या मिशांनी, म्हणजे शृंगिकांनी. त्यांवरील सूक्ष्म केसांना छिद्रे असतात. त्यांतून गंधाचा रेणू आत शिरतो. तेथील द्रवातील एक प्रथिन त्यास मज्जापेशीपर्यंत नेऊन पोहोचविते. रेशमाच्या नर पतंगात एका मज्जापेशीस जागे करण्यास एकच रेणू पुरतो. मग नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागतो. गंध हरवला, तर आडवातिडवा फिरून तो पुन्हा शोधतो.

ही भाषा उत्पन्न कशी झाली? गोल्डफिश माशाचे उदाहरण बोलके आहे. मादीच्या शरीरातील संप्रेरके पाण्यात मिसळतात. ती कोणासाठी सोडलेली नव्हेत. परंतु ज्या नरांना ती ओळखता आली, त्यांचा वंश वाढला. म्हणजे येथे बोलणाऱ्याआधी ऐकणारा जन्मास आला! पुढे प्रत्येक जातीची बोली निराळी झाली. शेंदरी बोंडअळीच्या गंधात दोन घटक जवळजवळ समप्रमाणात असतात, हे १९७३ साली समजले. युरोपातील मक्याच्या एका किडीचे दोन वंश परस्परांसारखेच दोन घटक वापरतात, पण उलट प्रमाणात. म्हणून त्यांचा परस्परांशी क्वचितच संबंध येतो. दर बारा कोसांवर भाषा बदलते, ती अशी.

ही भाषा केवळ कीटकांची नव्हे. वाघ झाडांवर गंधयुक्त फवारा सोडून आपली हद्द सांगतो. त्या फवाऱ्यात बासमती व आंबेमोहोर तांदळाला सुवास देणारेच द्रव्य असते. रतनलाल ब्रह्मचारी या भारतीय शास्त्रज्ञांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

आता पुन्हा कपाशीकडे वळू. "पतंग सापडले, म्हणजे कीड संपली," असे आमच्या वर्गातील एका कास्तकाराच्या मुलाने सांगितले, तेव्हा आम्हीही मान डोलावली. ती आमची चूक होती. सापडतात ते नर. आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळा हा मुख्यतः शिपाई नव्हे, जासूद आहे. अळी बोंडात दडलेली असते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. म्हणून या जासुदाचे मोल मोठे. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात.

२००२ साली आलेल्या बीटी कपाशीला ही अळी पुढे दाद देईनाशी झाली, आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने पिकाची मोठी हानी केली. त्याच वर्षी पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. एक अनावश्यक फवारणी टळली, तर केवळ पैसा वाचत नाही. कोणाचा बापही वाचतो.

म्हणून ज्यांच्या घरी कपाशी आहे, त्यांनी रोज सकाळी पिशवीतील पतंग मोजून वहीत तारखेसह लिहावेत, गोळी पाकिटावरील मुदतीनुसार बदलली जाते ना हे पाहावे, आणि संध्याकाळी ती वही वडिलांपुढे ठेवावी. गंधाची भाषा आपणास बोलता येणार नाही. परंतु तिचा हिशेब ठेवणे आपल्या हाती खचित आहे.