आकाशाशीं तुटलेली ओळख

आकाशांतील ताऱ्यांची ओळख करून घेण्याचा छंद लहानपणीं पुष्कळांस लागतो. टिकतो तो थोड्यांचाच. माझाही टिकला नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं तो परत आला, तो कोणाच्या व्याख्यानानें नव्हे, तर एका मंदावलेल्या ताऱ्यामुळें. ती हकीकत सांगतां सांगतां विद्यार्थिमित्रांस तारा कसा पाहावा याचा थोडा पाठही मिळावा, असा हेतु आहे.

सन १९८६ मध्यें मी बारा वर्षांचा होतों. हॅलेचा धूमकेतु सुमारें शहात्तर वर्षांनीं एकदां सूर्यापाशीं येतो. सन १९१० मधील त्याच्या लांब शेपटीच्या गोष्टी ऐकून आम्हां मुलांची आशा अगदीं शिगेस पोहोंचली होती. एप्रिलांतील अंवसेच्या सुमारास मध्यरात्रीं वडिलांनीं मला विंचूरच्या शिवारांत कांद्याच्या वावराच्या बांधावर नेऊन उभें केलें. दक्षिणेस, क्षितिजापासून वीस-बावीस अंशांवर, कापसाच्या बोंडासारखा एक अंधुक पुंजका दिसला.

“एवढाच का, नाना?” मी विचारलें.

“एवढाच,” ते म्हणाले.

दोष धूमकेतूचा नव्हता. सन १९१० मध्यें तो पृथ्वीपासून सुमारें सव्वादोन कोटि किलोमीटरांवरून गेला. १९८६ मध्यें अगदीं जवळ आला तेव्हांही सव्वासहा कोटि किलोमीटर दूर होता. शिवाय फेब्रुवारींत तो सूर्याच्या अत्यंत निकट व सर्वांत तेजस्वी होता, त्या दिवसांत आपली पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूस होती. हें मला तेव्हां कोणीं समजावून दिलें असतें, तर कदाचित् छंद टिकलाही असता. चित्रांतलें आकाश व डोळ्यांनीं दिसणारें आकाश यांतील अंतर न कळल्यामुळें अनेक मुलें पहिल्याच वर्षीं निराश होतात.

पुढें कॉलेज, मग शहरांतील नोकरी, व रात्रभर पेटलेले दिवे. सन १९९७ मध्यें हेल-बॉप नांवाचा धूमकेतु आला. मार्च-एप्रिलांत तो संध्याकाळीं वायव्येस नुसत्या डोळ्यांनीं स्पष्ट दिसत असे. ‘गच्चीवर जाऊन अवश्य पाहा,’ असें वडिलांचें पत्र आलें. मी गच्चीवर गेलों नाहीं. आणि उत्तरांत लिहिलें कीं, पाहिला, फार सुंदर आहे. तो धूमकेतु परत येण्यास आतां दोन हजारांहून अधिक वर्षें लागतील.

असें माणसांचेंच होतें असें नाहीं, गांवांचेंही होतें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगींतून एक वेधशाळा उभी राहिली होती. तिच्यांतील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख, ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनीं जेऊर येथें तळ देऊन घेतले. सन १९१२ मध्यें ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. दुर्बीण कोडाईकनालास गेली. त्याच पुण्यांत बत्तीस वर्षांनीं, सन १९४४ मध्यें, हौशी लोकांनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली, व ती अद्याप चालू आहे.

माझी पाळी सन २०२० च्या महाशिवरात्रीस आली. मी विंचुरास घरीं आलों होतों. जेवणानंतर अंगणांत खाटेवर बसून वडील म्हणाले, “मृगाचा तांबडा तारा नाताळापासून मंद दिसतो आहे रे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढला, कीं तारा खरोखरच उतरला? तूं पाहून सांग.”

मृग नक्षत्र फेब्रुवारींत रात्रीं आठच्या सुमारास आपल्या माथ्याजवळ असतें. चार कोपऱ्यांस चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधील तीन म्हणजे व्याधाचा बाण. ईशान्येकडील तांबूस तारा तो काक्षी. माझ्या स्मरणांत तो रोहिणीहून उजळ होता. त्या रात्रीं रोहिणीच त्याच्याहून उजळ होती, व तो जेमतेम वायव्य कोपऱ्यांतील ताऱ्याएवढा भरला. वडिलांनीं मला तीन वेळां पाहावयास लावलें.

हें मोजमाप दुर्बिणीशिवाय होतें. ताऱ्यांच्या तेजास प्रत म्हणतात. प्रतीचा आंकडा जितका मोठा, तितका तारा मंद. रोहिणी सुमारें ०·९ प्रतीची, वायव्येचा तारा १·६ प्रतीचा. काक्षी सामान्यतः ०·५ च्या आसपास असतो. एक अधिक उजळ व एक अधिक मंद असे शेजारी निवडून आपला तारा त्या दोघांच्या मध्यें कोठें बसतो, तें ठरवावें. आधीं वीस मिनिटें अंधारांत बसावें, म्हणजे डोळे तयार होतात. क्षितिजालगतचा तारा हवेमुळें मंद भासतो, म्हणून तुलनेचे तारे साधारण एकाच उंचीवरचे घ्यावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावूं नये. टक लावल्यास तो असावा त्याहून उजळ वाटूं लागतो. ओझरती नजर टाकून लगेच दुसऱ्याकडे पाहावें.

काक्षीचें तेज कमीजास्त होतें, हें जॉन हर्शेलनें सन १८३६ मध्येंच टिपलें होतें. पण २०२० मधील मंदी विलक्षण होती. ताऱ्यानें बाहेर टाकलेला वायु थंड होऊन त्याची धूळ बनली व ती आपल्या बाजूस आड आली, असें शास्त्रज्ञांस पुढें आढळलें. एप्रिलपर्यंत तारा बहुतेक पूर्ववत् झाला.

“डोळे ठीक आहेत, नाना. तारा उतरला आहे,” मी सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग मीं १९९७ च्या पत्राची गोष्ट कबूल केली.

“तें मला तेव्हांच कळलें होतें,” ते म्हणाले. “पाहिला असतास तर शेपट्या दोन होत्या हें लिहिलें असतेंस.”

दुसऱ्या दिवशीं लासलगांवच्या दुकानांतून एक वही आणली. तींत पहिली नोंद त्या महाशिवरात्रीची आहे: काक्षी, १·६, आकाश स्वच्छ. खालीं दोघांच्या सह्या आहेत.