पहाटेच्या विमानाआधीचा मुक्काम

बाळा, विमान पहाटेचं आणि घर नगरला, तर आदल्या रात्रीचा मुक्काम विमानतळाजवळच टाकायचा. "रात्री गाडी काढतो, पोचतो आरामात," असं तू म्हणणार, मला ठाऊक आहे. पण पुणे सुमारे १२० किलोमीटर, मुंबई अडीचशेच्या घरात. आणि झोप मारून गाडी चालवणारा ड्रायव्हरही कुणाचा तरी मुलगाच असतो. म्हणून एवढं ध्यानात ठेव.

१. खोली बघण्याआधी वेळेचं उलटं गणित मांड — देशातलं विमान साडेपाचचं असेल तर साडेतीनला टर्मिनलच्या दारात, तीनला खोलीबाहेर आणि अडीचला अंथरुणाबाहेर. परदेशी जायचं असेल तर आणखी एक तास अलीकडे ये.

२. तारीख दोनदा वाच — विमान १५ तारखेच्या पहाटे अडीचचं असेल, तर खोली १४ तारखेची हवी. हॉटेलचा दिवस दुपारी सुरू होतो. १५ ची खोली घेतलीस तर ती ताब्यात येईपर्यंत विमान केव्हाच गेलेलं असेल.

३. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून थांबू नकोस — टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला, आणि डिसेंबर २०२५ पासून उलव्याला नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. अंधेरीत झोपून उलव्याचं विमान गाठायचं म्हणजे पहाटे खाडी ओलांडणं आलं.

४. पुण्याहून उडायचं असेल तर विमाननगर किंवा खराडीला उतर, स्वारगेटच्या स्वस्त खोलीला भुलू नकोस — नगरचा रस्ता खराडीवरूनच शहरात शिरतो, लोहगावचं विमानतळ तिथून जवळ, आणि वाघोलीची कोंडी आदल्या दिवशीच मागे पडते. स्वस्त खोली, महाग रिक्षा!

५. मुंबईत टर्मिनल २ साठी सहार, मरोळ किंवा अंधेरी पूर्व बघ आणि टर्मिनल १ साठी विलेपार्ले पूर्व — पश्चिमेला राहिलास की रेल्वेचे रूळ ओलांडायचं काम वाढतं. मेट्रो दारात आली असली तरी पहाटे तीनला ती धावत नाही.

६. पावसाळ्यात नगर-कल्याण रस्त्याने जायचं ठरलं तर माळशेज उजेडातच उतर — धुकं आणि दरड दोन्ही न सांगता येतात. घाट कुणाचं घड्याळ बघत नाही.

७. कोपरगाव-राहात्याकडच्यांना समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय, तरीही मुक्काम चुकवू नका — तिथून पुढे ठाण्याची वाहतूक आहेच, आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर रात्री ड्रायव्हरला झापड येते.

८. शिर्डीचं विमान असेल तर देवळाजवळच्या गल्लीपेक्षा नगर-मनमाड रस्त्यावरची खोली घे — विमानतळ काकडीला आहे, शिर्डीपासून चौदा-पंधरा किलोमीटर, आणि गर्दीत गल्लीतून गाडी बाहेर काढायलाच वेळ जातो. गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा असेल तर खोली खूप आधी धर.

९. हॉटेल किती किलोमीटरवर आहे ते विचारू नकोस, त्या वेळेला किती मिनिटं लागतात ते बघ — फोनच्या नकाशात निघायची वेळ पहाटे तीनची टाकता येते. नकाशात बोटभर, रस्त्यात तासभर.

१०. नावात 'एअरपोर्ट' आहे म्हणून विश्वास ठेवू नकोस, फोन करून विचार, "पहाटे तीनला गाडी मिळेल का, पैसे किती, जागा आधी सांगावी लागते का?" — काही हॉटेलांची गाडी ठरावीक वेळेलाच सुटते, आणि ते रात्री बारा वाजता कळून उपयोग नाही.

११. खोली मागताना रस्त्यापासून आणि लिफ्टपासून लांबची माग, आणि लग्नसराई असेल तर खाली हॉल आहे का तेही विचार — पैसे आपण झोपेचे देतो, वरातीचा बँड ऐकायचे नाही.

१२. सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रं एका पाकिटात ठेव, आणि बिल रात्रीच चुकतं करून पावती घे — पॅनकार्डावर पत्ता नसल्यामुळे बहुतेक हॉटेलांत ते चालत नाही, आणि पहाटे काउंटरवर एकटाच माणूस पेंगत असतो.

१३. नाश्ता बांधून मिळेल का ते रात्रीच विचार, नाहीतर घरून दशम्या आणि कोरडी चटणी घे — हॉटेलचा नाश्ता बहुधा सातला सुरू होतो. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाक, आणि सुकं खोबरं घरीच ठेव. ते लवकर पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही.

१४. अंघोळ, बॅग, बोर्डिंग पास, सकाळचे कपडे, सगळं झोपण्याआधी उरक. दोन गजर लाव आणि काउंटरवरही उठवायला सांग — देशातल्या विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि मग विनवण्या चालत नाहीत. रात्री आवरलं, पहाटे सावरलं.

१५. थोडे जास्त पडले तरी रद्द करता येणारी खोली घे, आणि निघण्याआधी विमानाची वेळ पुन्हा बघ — डिसेंबर-जानेवारीत धुक्याने वेळा बदलतात. शिर्डीहून जाऊन पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेव.

एका रात्रीपुरती खोली आहे, ती मोठी आणि झगमगीत नसली तरी चालेल. जवळ, शांत, स्वच्छ आणि पहाटे गाडी देणारी असली की पुरे. उरलेले पैसे प्रवासात खर्च कर, आणि रात्री नऊला दिवा मालव.