तरुण शेतकऱ्याची पत : ती कशी मिळवावी व कशी राखावी

शेतीस भांडवल लागते, आणि ते वेळेवर व माफक व्याजाने मिळण्यास पत लागते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ३ टक्केच कर्ज सहकारी संस्थांचे आढळले. बहुतेक सावकारांचे होते. सावकार ओळखीवर कर्ज देई. बँक नोंदी पाहून देते.

करवीर तालुक्यातील उचगावसारख्या गावी पुष्कळदा सात-बारा वडिलांच्या नावे असतो व मुलाच्या नावे कसलीच नोंद नसते. त्याने कर्ज बुडविलेले नसते, तद्वत् फेडल्याचा पुरावाही नसतो. त्यामुळे बँक कचरते. यावर उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

(१) अठरा वर्षे पूर्ण होताच स्वतःच्या नावे बचत खाते उघडावे व दूधबिल, मजुरी त्यातच जमा करावी.

(२) पहिले कर्ज लहान असावे. मुदत ठेवीच्या तारणावरील कर्ज नवख्यास सोयीचे होय.

(३) हप्ता तारखेपूर्वी भरावा. ऊसबिलातून वसुली होत असली, तरी बिल लांबल्याने कर्जाची मुदत आपोआप वाढत नाही. सोसायटीत आधीच चौकशी करावी.

(४) भिडेखातर जामीन राहू नये. कर्जदाराने पैसे थकविल्यास जामीनदाराची पतही खालावते.

नियमितपणाचा लाभ रोकड आहे. केंद्र शासनाच्या योजनेत तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास ७ टक्के व्याज असून मुदतीत फेडणाऱ्यास ३ टक्के सवलत मिळते. एक लाखाच्या कर्जावर वर्षास ७,००० ऐवजी ४,००० रुपयेच व्याज पडते.

बँकांच्या कर्जांची नोंद पतमाहिती कंपन्या ठेवतात व ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक दिसल्यास बँकेस व कंपनीस लेखी कळवावे. गावच्या सोसायटीचे कर्ज तेथे दिसेलच असे नाही. यास्तव परतफेडीच्या पावत्या व बेबाकी दाखला जपून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती तरुणांना पहिले कर्ज काढण्यापूर्वीच द्यावी. थकबाकी झाल्यावर दिलेला सल्ला पेरणी उलटल्यावर आणलेल्या बियाण्यासारखाच होय.