माया तरुणांना गावच्या कारभारात जागा असते का?

प्रश्न : माया लोक हजार वर्षांपूर्वी लोप पावले, असे आम्ही शाळेत शिकलो. मग २०२३ मध्ये ग्वाटेमालात त्यांनी रस्ते कसे रोखले? तिथल्या खेड्यांतल्या तरुणांना कारभारात काही वाव असतो का?

उत्तर : पहिली शंका पुष्कळांना पडते. नवव्या शतकाच्या आसपास ओस पडत गेली ती दक्षिणेकडच्या सखल भागातली नगरे, लोक राहिलेच. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ६२ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला माया म्हणवले. म्हणजे दर पाच माणसांत दोन.

आता कारभाराचे पाहू. तोतोनिकापान इथे किचे माया लोकांच्या ४८ वस्त्यांचा जुना संघ आहे. प्रत्येक वस्ती सभा भरवून आपले कारभारी निवडते. पाणी आणि सामाईक जंगल हे कारभारीच सांभाळतात, तेही बिनपगारी. सेवेची पाळी घरोघर येते. तरुण माणूस निरोप पोचवण्यासारख्या लहान कामांपासून सुरुवात करतो आणि पुढे वरच्या पदांवर जातो. ही पदे फार काळ पुरुषांकडेच होती. पण २०१२ मध्ये कार्मेन ताकाम या संघाच्या अध्यक्षा होत्या.

२०२३ मध्ये सरकारी अभियोग विभागाने निवडणुकीचा निकाल उलटवण्याची खटपट केली, तेव्हा याच संघाने रस्ते रोखण्याच्या देशभरातल्या आंदोलनात पुढाकार घेतला. सभा घेण्याची आणि पाळीने काम वाटून घेण्याची सवय आधीपासून होती, म्हणून हे जमले. निवडून आलेले बेर्नार्दो आरेवालो जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

सरकारी वाटही आहे. २००२ च्या कायद्याने गावोगाव विकास परिषदा आल्या. आपल्या ग्रामसभेप्रमाणे तिथे रहिवासी एकत्र बसून गावाच्या गरजा ठरवतात आणि त्या नगरपालिकेपुढे मांडतात.

मग अडते कुठे? बोलायला जागा मिळाली म्हणजे संधीही मिळाली, असा समज होतो. तो बरोबर नाही. प्राथमिक शाळा बहुधा गावात असते, पुढची मात्र अनेकदा दूरच्या गावी. शिक्षण कायद्याने मोफत असले तरी बसभाडे आणि वह्या-पुस्तके घरच्यांनाच पेलावी लागतात. मुलगा शेतात राबला तर घराला हातभार लागतो, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. म्हणून शाळा सुटते. कचेरीचा व्यवहार मुख्यतः स्पॅनिशमध्ये चालत असल्याने शाळा सुटलेल्याला तिथे स्वतःचे म्हणणे मांडणे जड जाते. वाट्याला आलेली जमीनही अपुरी. अखेर बरेच तरुण कामासाठी शहर किंवा अमेरिका गाठतात.

याचा फटका कारभारालाही बसतो, कारण ज्यांनी सेवेची पाळी घ्यायची, तेच गावात उरत नाहीत. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : जागा आहे, आणि ती मानाची आहे, पण गावाजवळ पुढची शाळा, मातृभाषेत चालणारी कचेरी आणि पोटापुरते काम असेल, तरच तरुणांना ती टिकवता येईल.