वेगवान मोटार आणि टायरातील हवा

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. जोरदार इंजिनाच्या मोटारीला हा वेग गाठणे मुळीच अवघड नाही. खरा ताण पडतो तो टायरांवर. एवढी मोठी मोटार रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या जागेत. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही सारी कामे या चार जागांवरच अवलंबून असतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. ‘उन्हाने टायरातील हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतो, म्हणून मे महिन्यात हवा थोडी कमीच भरावी,’ असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. तो बरोबर आहे काय? आपण गणित करून पाहू.

टायराचे घनफळ फारसे बदलत नाही. घनफळ स्थिर असताना वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. समजा, सकाळी २७ अंश तापमानाला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, दाबमापकावर दर चौरस इंचास ३३ पौंड दाब दिसला. मापक वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब दाखवतो. म्हणून त्यात वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळवले की एकूण दाब ४८ पौंड होतो. धावताना आतील हवा ६७ अंशांपर्यंत, म्हणजे ३४० केल्व्हिनपर्यंत तापली, तर एकूण दाब ४८ × ३४० ÷ ३०० = ५४.४ पौंड होईल. मापकावर सुमारे ३९ पौंड दिसतील. वाढ झाली ती ६ पौंडांची. एवढी वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेले असतात. धडधाकट टायर केवळ तिच्यामुळे फुटत नाही.

मग टायर फुटतो कशाने? एक जाड लोखंडी तार घेऊन एकाच जागी भराभर वीस-पंचवीस वेळा वाकवा आणि त्या जागेला हलकेच बोट लावा. तार गरम लागेल. टायराचेही असेच होते. त्याचा जो भाग रस्त्यावर येतो तो दबतो आणि वर जाताना पुन्हा पूर्ववत होतो. रबर दाबण्यासाठी लागलेली सारी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायराचा परीघ सुमारे १.९ मीटर असतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. म्हणजेच टायराचा प्रत्येक भाग सेकंदाला १७ वेळा दबतो आणि सुटतो!

हवा कमी असली की टायराची बाजू अधिक वाकते व अधिक तापते. तापलेल्या हवेत आणि तप्त रस्त्यावर ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मग रबर आणि त्यातील तारा-तंतू यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो. म्हणजे टायर वाचवण्यासाठी म्हणून हवा कमी करणे हेच टायर फुटण्याचे कारण ठरू शकते.

यावरून काळजीचे नियम सहज कळतील. हवेचा दाब सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दारापाशी लिहिलेला असतो. तापलेल्या टायरातून हवा कधीही सोडू नये. टायर निवला की दाब गरजेपेक्षा कमी होईल. नायट्रोजन भरला म्हणून हा नियम बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायराच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. रबर वयानुसार कडक होते, म्हणून नक्षी शाबूत दिसली तरी हा आकडा पाहावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलावाच.

आणि वेग? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.७ धरल्यास, ब्रेक दाबल्यापासून ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे २० मीटरांत थांबते. १२० च्या वेगाची ८० मीटरांत. वेग दुप्पट, अंतर चौपट! टायर फुटलाच तर जोराने ब्रेक दाबू नये. चाक दोन्ही हातांनी सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

करून पाहा : वरील उदाहरणात सकाळी ३३ ऐवजी २४ पौंडच हवा असेल, तर ६७ अंशांना मापक किती दाब दाखवील? उत्तर ३३ च्याही खाली येईल. म्हणजे तापलेल्या टायराचा आकडा पाहून फसगत कशी होते, ते वर्गात चर्चा करून ठरवा.