भर पावसाळ्यातील सायकलप्रवास

दि. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. या धाडसी तरुणांनीही प्रस्थान ठेवले ते पाऊस सरल्यावर. असे असूनही काही सायकलस्वार नेमके आषाढ-श्रावणातच पनवेलहून पणजीची वाट धरतात.

ही वाट सुमारे पाचशे किलोमीटरांची. डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला काही कोसांवर अरबी समुद्र. नैर्ऋत्येचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पाडतात. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. दक्षिणेस निघालेल्या सायकलस्वाराला हेच वारे उजव्या अंगाने, पुष्कळदा समोरूनच, गाठतात. सपाट रस्त्यावरही चढ चढत असल्यासारखे पायडल मारावे लागते.

पहिला दिवस मौजेत जातो. हिरवीगार भातखाचरे, कड्यावरून कोसळणारे धबधबे, टपरीवरचा वाफाळलेला चहा! खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होते. रात्रभर दोरीवर टाकलेले कपडे वाळलेले नसतात. पिशवीत मेणकापडात गुंडाळलेला एकच कोरडा जोड असतो. तो अंगावर चढविण्याचा मोह अनावर होतो. परंतु जाणता प्रवासी तो जोड रात्रीच्या झोपेसाठी राखून ठेवतो आणि गारठलेला ओला सदरा पुन्हा अंगात घालतो. मुसळधार पावसातून दहा कोस जाणे त्या एका क्षणापेक्षा सोपे असते. कोरडा जोड सकाळीच भिजला, तर रात्री थंडीने झोप येत नाही, आणि झोप झाली नाही तर पुढचा दिवस निभत नाही.

पोलादपूर सोडले की कशेडीची जुनी घाटवाट लागते. चढताना अंगातून घाम निथळतो. रेनकोट बाहेरून पावसाने व आतून घामाने भिजतो. माथ्यावर पोहोचून उतार लागला की तोच घाम अंगावर गार पडतो आणि दात वाजू लागतात. येथेच सायकलचाही भरवसा कमी होतो. चाकाच्या ओल्या धावेवर ब्रेकचे रबर नीट धरत नाही. म्हणून शहाणा सायकलस्वार उतारावर वेग वाढू देत नाही; ब्रेक आधी हलकेच दाबून धावेवरचे पाणी पुसून घेतो आणि मगच जोर देतो. डबके दिसले की त्याला वळसा घालतो, कारण पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नाही. वाटेत चाक पंक्चर झाले तर एस. टी.च्या निवाऱ्यात किंवा देवळाच्या सभामंडपात जावे लागते. ओल्या ट्यूबवर ठिगळ चिकटत नाही. पावसात तहान जाणवत नाही, तरी पाणी प्यावेच लागते.

या सर्व त्रासांपेक्षा नद्यांची गोष्ट निराळी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरून थोड्याच अंतरावर समुद्राला मिळतात. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की काही तासांत खाली पूर येतो. मग खाली ऊन का पडलेले असेना! त्याच वेळी समुद्राला भरती असली तर पाणी लवकर ओसरत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि त्यावरील दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण व महाड ही दोन्ही गावे पाण्याखाली गेली.

आज हमरस्त्यावर उंच पूल झाले आहेत. आडवाटेवरचे फरशी पूल मात्र अजूनही पाण्याखाली जातात. अशा ठिकाणी गुडघाभर वाहते पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलते. सायकल हातात असेल तर प्रवाहाला धक्का द्यायला आणखी एक वस्तू मिळते. पलीकडचे गाव दिसत असते, मुक्काम तेथेच ठरलेला असतो, अंधार पडत असतो. तरीही मागे वळावे लागते. शाळेच्या पडवीत किंवा एखाद्याच्या ओटीवर रात्र काढावी लागते. कधी रात्रीमागून आणखी एक दिवसही जातो. पाच दिवस पाऊस अंगावर घेणाऱ्या तरण्याबांड प्रवाशालाही हे नुसते बसून राहणे फार जड जाते.

पाणी उतरते तेव्हा पुलाच्या दगडांत गवत व काटक्या अडकलेल्या दिसतात. पूर कोठवर चढला होता, हे त्यांवरून कळते. गावकरी पलीकडे जाऊ लागले की सायकलस्वारही उतरतो आणि घोट्याएवढ्या गाळातून सायकल ढकलीत चालत जातो. पलीकडे पोहोचल्यावर पहिले काम साखळीतील रेती धुऊन तिला तेल देण्याचे.