आईच्या काटकसरीचे पाच धडे, खास दुकानदारांसाठी



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता "दुकान चालतं, मग पैसा टिकत का नाही?" व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून ते इथे सावकाश मांडते. वही-पेन घेऊनच बसा.

माझं तालुक्याच्या गावी कटलरी आणि स्टेशनरीचं दुकान आहे. फिक्स्ड कॉस्ट, वर्किंग कॅपिटल हे शब्द मी बीबीएला शिकले. पण त्यांचा अर्थ त्याआधीच घरात कळला होता, कारण हे दुकान वीसेक वर्षं आईने चालवलं. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून ती हिशोबाची वही करायची. "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे सगळ्यांनाच पाठ असतं. आई ते अंथरूण रोज रात्री मोजायची, एवढाच फरक.

धडा १: उरलं किती ते विचारा

दिवाळीत गल्ला भरला की मी खूश व्हायचे. आई म्हणायची, "अगं, विक्री काय, उधारीवर कुणीही करेल. उरलं किती ते सांग."

आता हिशोब बघा. समजा महिन्याची विक्री ३ लाख आणि सरासरी मार्जिन १५ टक्के. म्हणजे हातात आले ४५,०००. त्यातून भाडं ८,०००, मदतनिसाचा पगार ९,०००, लाइटबिल २,००० आणि किरकोळ २,००० असे २१,००० गेले. उरले २४,०००.

या दुकानात महिन्याला ६०० रुपये वाया गेले, तर ते भरून काढायला किती विक्री लागेल? ६०० नाही, ४,०००! कारण १०० रुपयांच्या विक्रीत आपले फक्त १५ असतात.

एक साधं उदाहरण. चोकवाली जुनी ट्यूब चोकसकट साधारण ५० वॅट घेते, एलईडी ट्यूब २० वॅट. चार ट्यूब रोज १० तास चालल्या तर महिन्याला ३६ युनिट वाचतात. युनिट १० रुपये धरलं तर ३६० रुपये. म्हणजे २,४०० रुपयांची विक्री न करताच तेवढा नफा मिळाला. आई दुपारी गिऱ्हाईक नसताना मागची ट्यूब बंद करायची, ते यासाठी.

धडा २: घराला पगार द्या

आमच्या घरात गल्ल्याला कुणी हात लावत नसे. आई दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम काढायची आणि वहीत "घरी दिले" असं लिहायची. मला शाळेसाठी वही लागली तरी ती दुकानातून तशीच मिळायची नाही. खरेदी भावाने तिची नोंद व्हायची आणि पैसे घरखर्चाच्या डब्यातून गल्ल्यात जायचे.

लहानपणी मला हे अती वाटायचं. पण वर्कशॉपमध्ये दहा दुकानदारांच्या वह्या बघितल्या की कळतं, दुकान तोट्यात नसतं, घर गल्ल्यातून जेवत असतं. पेट्रोल, भाजी, मोबाइलचा रिचार्ज, सगळं तिथूनच. मग दुकान कमावतंय की नाही हेच कळत नाही.

तुमचा पगार ठरवा. छोटा असला तरी चालेल, पण ठरलेला असू द्या.

धडा ३: फळी बघून खरेदी करा

आई पुण्याला बोहरी आळीत खरेदीला जायची, त्याच्या आदल्या रात्री एकेक फळी तपासून यादी करायची. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही.

"दहा डझनावर एक डझन फ्री" ही स्कीम तुम्हालाही येते. पण तो माल वर्षाला दोनच डझन जात असेल तर? अकरा डझन संपायला साडेपाच वर्षं लागतील. तोवर फॅशन गेली, रंग उडाला, आणि फ्रीच्या एका डझनापायी बाकीच्या मालात पैसा झोपला.

उलट, जिथे खरंच पैसा वाचतो तिथे आई हात आखडता घ्यायची नाही. व्यापारी ३० दिवसांची उधारी देतो, पण रोखीवर २ टक्के सूट देतो. ५०,००० च्या खरेदीवर १,००० वाचले. एका महिन्यात २ टक्के, म्हणजे वर्षाचे साधारण २४ टक्के झाले! एवढं व्याज कुठली एफडी देते? जवळ रोख असेल तर सूट घ्या. नसेल तर त्यासाठी कर्ज मात्र काढू नका.

धडा ४: रोजचा पैसा रोज बाजूला काढा

महिन्याच्या शेवटी उरेल ते साठवू, असं म्हटलं की काही उरत नाही. आई रोज दुकान बंद करताना ठरलेली रक्कम आधी बाजूला काढायची. पिग्मीचा माणूस आला की त्याच्याकडे द्यायची.

ही पिग्मी आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते. ती सुरू केली सिंडिकेट बँकेने, १९२८ साली, उडुपीत. तेव्हा रोज दोन आणे भरले तरी चालायचं. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला ती सोयीची पडते, कारण पैसा हातात राहतच नाही. रोज २०० भरले तर महिन्याचे ६,००० आणि वर्षाचे साधारण ७२,००० होतात.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. म्हणून रक्कम मोठी झाली की ती बँकेत हलवा, आणि रोज पासबुकावर नोंद करून घ्या.

धडा ५: कुठे कापायचं नाही तेही ठरवा

काटकसर आणि चिक्कूपणा यांत गल्लत करू नका. आईने तीन गोष्टींवर कधी कात्री चालवली नाही: मदतनीस ताईंचा पगार, मालाची प्रत आणि दुकानाचा विमा. पगार एक तारखेलाच. बांगडी तडकलेली निघाली तर वाद न घालता बदलून द्यायची.

पण एका बाबतीत मी तिचं ऐकत नाही. ती स्वतःवरच सगळ्यात जास्त कापायची. चष्म्याचा नंबर बदललाय हे माहीत असून दोन वर्षं जुन्याच चष्म्याने तिने हिशोब लिहिला. माझ्या वहीत आता "तब्येत" नावाचं वेगळं पान आहे. मालकाचे डोळे हेही दुकानाचं भांडवल आहे.

याचा उपयोग कधी झाला?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. किराणा, औषधं चालू होती, आमची कटलरी-स्टेशनरी बंद. ऐन लग्नसराई बुडाली. दोन महिन्यांवर शटर खाली होतं आणि गल्ल्यात शून्य.

आईचा एक नियम होता: तीन महिन्यांचा ठरलेला खर्च कायम वेगळा हवा. वरच्या उदाहरणातल्या दुकानाला २१,००० गुणिले तीन, म्हणजे ६३,००० लागतील. रोजच्या २०० रुपयांत ही रक्कम साडेदहा महिन्यांत उभी राहते. आमच्याकडे ती होती. भाडं गेलं, ताईंचा पूर्ण पगार गेला, व्यापाऱ्याची बाकीही चुकती झाली. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा त्याच व्यापाऱ्याने फोनवर माल पाठवला.

आमच्या बाजारपेठेत काही शटर नंतर उघडलीच नाहीत. त्यातल्या काहींची विक्री आमच्यापेक्षा जास्त होती.

आजचा गृहपाठ

१. तुमचा महिन्याचा ठरलेला खर्च लिहा आणि त्याला तीनने गुणा. हे तुमचं टार्गेट.
२. एक तारखेपासून घराला किती पगार देणार ते घरच्यांसोबत बसून ठरवा.
३. सहा महिन्यांत न हललेला माल एका खोक्यात काढा, त्याची खरेदी किंमत मोजा आणि तो सुटेल त्या भावाला विका.

तिसरा आकडा बघून दचकू नका, बहुतेकांचा मोठाच येतो. तुमचा किती आला ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या व्हिडिओत उधारी वसूल कशी करायची ते बघू, तेही गिऱ्हाईक न तोडता!